एकटीनं ट्रायल घेताना : नवा कपडा नीट बसला की नाही, हे कसं ओळखायचं

नोकरीसाठी उदगीरहून सोलापुरात आले, तोवर एकही कपडा मी एकटीनं घेतला नव्हता. ट्रायल रूमच्या बाहेर नेहमी आई नाहीतर मावशी उभी असायची. मी दार उघडायचे, ती "वळ बघू" म्हणायची, पाठीवरून हात फिरवायची आणि घ्यायचा की नाही ते तिथंच ठरायचं. इथल्या नवी पेठेच्या बाजारात कुर्ता घ्यायला पहिल्यांदा एकटी गेले. दार उघडलं तर समोर दुकानातला मुलगा. "एकदम फिट बसलाय मॅडम," म्हणाला. मला विचारायला दुसरं कुणी नव्हतं, घेतला. तिसऱ्या दिवशी मोहोळच्या एसटीत उभ्यानं जाताना वरचा दांडा धरला आणि उजव्या बगलेतली टिप टर्रकन उसवली. त्या दिवशी ओढणी घट्ट लपेटून काम केलं.

संध्याकाळी कुर्ता घेऊन शेजारच्या अक्कांकडे गेले. त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात वीसेक वर्षं मशीनवर बसतात. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या बायकांच्या हाताला माप टेपपेक्षा आधी कळतं. अक्कांनी सुई घेतली नाही. आधी कुर्ता घालायला लावला, माझ्या बगलेत दोन बोटं घालून पाहिली, ती शिरेनात. मी आरशात चेहऱ्याकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "आरशात तोंड काय बघतीस, खांदा बघ की." पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी जे दाखवलं आणि मी स्वतः करून पाहिलं, ते सगळं खाली लिहिते आहे. वसतिगृहात राहणाऱ्या, नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या मुलींना उपयोग होईलच. शर्ट-पँट घेणाऱ्या मुलांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं.

सोबत काय न्यायचं

- शिंप्याची मऊ टेप. ६० इंचांची, गुंडाळी करून पर्समध्ये मावते.
- चार-पाच सेफ्टी पिना.
- हातात मावणारा छोटा आरसा.
- चार्ज केलेला फोन.
- नवा कपडा ज्या आतल्या कपड्यांवर आणि ज्या चपलेवर घालणार, तेच घालून जा. याकडे फार दुर्लक्ष होतं. वेगळ्या ब्रावर कुर्त्याची छाती अर्धा-पाऊण इंच वर-खाली होते, आणि सपाट चपलेवर घेतलेली पँट टाचेच्या सँडलवर आखूड दिसते.
- मापांची चिठ्ठी. ती कशी करायची, ते पहिल्या पायरीत.

१. निघण्याआधी घरी : स्वतःचं नाही, कपड्याचं माप घ्या

स्वतःच्या अंगाचं माप एकटीनं घेताना टेप पाठीमागे खाली घसरते आणि आपल्याला ते दिसत नाही. आरशापुढे बाजूनं उभं राहून टेप आडवी, जमिनीला समांतर आहे का ते पाहायचं. श्वास रोखायचा नाही, पोट आत ओढायचं नाही. तरीही चूक होतेच, म्हणून मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते. कपाटातला जो कुर्ता किंवा शर्ट अंगात असल्याचं जाणवतच नाही, तो काढा आणि त्याची मापं लिहून ठेवा.

मी तो जमिनीवर सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर पसरते. चादरीच्या काठाच्या रेघा सरळ असतात. बाजूची शिलाई त्या रेघेला लावली की कपडा तिरका पडला असेल तर लगेच कळतं. मग पाच मापं: एका खांद्याच्या शिलाईपासून दुसऱ्या खांद्याच्या शिलाईपर्यंत, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत (याची दुप्पट म्हणजे तयार छाती), कंबर, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची. पँटचं माप घ्यायचं तर कंबर, मांडी, आतल्या शिलाईची लांबी, बॉटम (पायाच्या तळाची रुंदी) आणि आसन (कमरेपासून दोन पायांमधल्या शिलाईपर्यंतचं माप).

दुकानात कपडा घालण्याआधीच काउंटरवर तो सपाट पसरून टेप लावता येते. दहातले सहा कपडे तिथंच बाद होतात आणि ट्रायल रूमच्या रांगेतला वेळ वाचतो.

लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. एका ब्रँडचा एल दुसऱ्याच्या एक्सएलएवढा निघतो. कुर्तीवर ४० लिहिलेलं असतं, ते कुठे अंगाच्या छातीचं माप असतं, कुठे शिवून तयार झालेल्या कपड्याचं. पुरुषांच्या फॉर्मल शर्टावर बऱ्याच ब्रँडचा ४० म्हणजे ४० सेंटिमीटरची कॉलर, छातीचे इंच नव्हेत. माझा धाकटा भाऊ छाती ४० म्हणून तसा शर्ट घेऊन आला होता.

अंग आणि कपडा यांत मोकळीक किती हवी? साधा, न ताणणारा सुती कापडाचा कुर्ता असेल तर छातीत दोन ते तीन इंच, सैलसर शर्टाला चार इंच. छाती ३६ असेल तर कुर्त्याची तयार छाती ३८ ते ३९ हवी. ताणणाऱ्या कापडाला हा हिशेब लागत नाही.

२. वेळ कुठली निवडायची

रविवारी संध्याकाळी नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत गेलात तर ट्रायलला मिळतात दोन मिनिटं, आणि बाहेरून दारावर टकटक. मधल्या वारी, दुपारच्या आधी जा.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक अडचण. पारा चाळिशीच्या पुढे असतो, रिक्षातून उतरेपर्यंत पाठ ओली झालेली असते आणि ओल्या अंगाला कुठलंही कापड चिकटतं. चांगल्या मापाचा कपडाही तेव्हा काचतो असं वाटतं आणि आपण विनाकारण एक साइज मोठी घेतो. दुकानात पंख्याखाली दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग ट्रायलला जा.

पोट रिकामं असताना पँट घेऊ नका. जेवल्यावर कंबर वाढते, आणि पँट घालून आपल्याला जेवायचंही असतं.

३. ट्रायल रूममध्ये : खांद्यापासून सुरुवात

कडी लावा, लपवलेला कॅमेरा नाही ना, म्हणून भिंतीवर, हुकांवर, छतावर एक नजर टाका. काही खटकलं तर तिथं कपडे बदलू नका, बाहेर या.

कपडा घातल्यावर पहिली सवय मोडायची ती चेहरा बघण्याची. रंग खुलतोय का, हे शेवटी. आधी खांदा. खांद्याची शिलाई जिथं हात सुरू होतो त्या हाडावर टेकली पाहिजे. बोटानं चाचपा, हाड लागतं. शिलाई गळ्याकडे चढली असेल तर खांदा लहान, दंडावर उतरली असेल तर मोठा. मुद्दाम उतरत्या खांद्याची फॅशन असेल तर गोष्ट वेगळी. खांदा पहिला का? कारण बाकी बरंच काही दुरुस्त होतं, खांदा मात्र बाही उसवल्याशिवाय हलत नाही. खांदा चुकला की कपडा काढून ठेवा, पुढचं बघूच नका.

मग मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल. दुसऱ्या हाताची दोन बोटं बगलेत घाला, ती सहज शिरायला हवीत. माझ्या त्या कुर्त्याचा दोष हाच होता. मुंढा फार खोल असला तरी त्रासच. हात वर केला की अख्खा कुर्ता वर उचलला जातो.

मग गळा. कॉलर लावून दोन बोटं आत जातात का बघा. कुर्त्याचा गळा असेल तर पुढे वाका आणि आरशात बघा, काय दिसतं ते आपल्यालाच कळलं पाहिजे.

४. सुरकुत्या वाचायला शिका

मला विचाराल तर सगळी विद्या इथं आहे. सोबत माणूस नसताना कापडच आपल्याला सांगतं, पण त्यासाठी आधी स्तब्ध उभं राहावं लागतं. हात सैल सोडा, खांदे पाडा, नेहमी उभे राहता तसे उभे राहा. ट्रायलमध्ये आपण नकळत छाती पुढे काढून, पोट आत घेऊन उभे राहतो. कपडा मग त्या ऐटीला बसतो, आपल्याला नाही. दोन खोल श्वास घ्या आणि आता सुरकुत्या कुठे पडल्या ते बघा.

आडव्या, ताणलेल्या सुरकुत्या म्हणजे तिथं कापड कमी पडतंय. छातीवरून आडवी ओढ असेल तर छाती घट्ट, नितंबांवर असेल तर घेर घट्ट. बटणाभोवती फुलीसारख्या रेघा फुटल्या की नेमकं त्याच बटणाशी ताण आहे. दोन बटणांच्या मध्ये कापड उघडं पडत असेल तर बसल्यावर ते आणखी उघडेल.

उभ्या, लोंबणाऱ्या घड्या म्हणजे कापड जास्त झालंय. पाठीवर अशा दोन-तीन घड्या पडल्या तर घाबरू नका, बाजूनं आत घेता येतं.

गळ्यापासून बगलेकडे तिरपी घडी दोन्ही बाजूंना पडत असेल तर तुमचे खांदे कपड्याच्या खांद्यापेक्षा जास्त उतरते आहेत. एकाच बाजूला पडत असेल तरीही काळजी नको, बहुतेकांचा एक खांदा थोडा खाली असतोच. माझा उजवा आहे, वर्षानुवर्षं त्याच खांद्याला पर्स.

मागे कॉलरीच्या खाली आडवी वळकटी साठत असेल तर खांद्याचा उतार जमलेला नाही. हात फिरवून ती सपाट होते, पण दोन पावलं चाललं की परत येते. असा शर्ट मी घेत नाही.

पुढचा काठ वर, मागचा खाली आणि बाजूची शिलाई पुढे ओढलेली? छातीनं किंवा पोटानं पुढचं कापड खाऊन टाकलंय. बाजूची शिलाई काखेपासून सरळ खाली, ओळंब्यासारखी पडली पाहिजे.

अक्कांची चिमट्याची चाचणीही करा. दोन्ही बाजूंना छातीच्या खाली कापड चिमटीत धरायचं. चिमटीत अर्धा इंच आलं म्हणजे घडीतलं एक इंच. दोन्ही बाजू मिळून दोन इंच मोकळीक. काहीच हाती येत नसेल तर कपडा लहान, मूठभर येत असेल तर मोठा. त्या हे करताना टेप लावत नाहीत, डोळे मिटूनसुद्धा "दीड आहे" म्हणतात. मी एकदा मोजून पाहिलं, दीडच होतं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर) चालणारी माणसं पांढरी बाराबंदी घालतात. ती बंदांनी बांधायची असते. अंगाप्रमाणे बंद सैल-घट्ट केले की झालं. अशा कपड्याला ट्रायल रूम लागत नसणार. रेडिमेडमध्ये ती सोय नाही, शिलाई जिथं मारली तिथंच राहते. म्हणून आपल्याला एवढं बघावं लागतं.

५. दिवसभर जे करता, ते तिथं करून बघा

आरशापुढे ताठ उभं राहून सगळे कपडे बरे दिसतात. मी आता क्रमानं एवढं करते:

१. दोन्ही हात वर, एसटीचा दांडा धरल्यासारखे. बगलेत ओढ बसते का? पोट उघडं पडतं का?
२. हात समोर, स्कूटरचं हँडल धरल्यासारखे. पाठ ताणते का?
३. स्वतःला मिठी मारा. पाठीच्या मधल्या शिलाईचा आवाज आला तर कपडा लगेच उतरवा.
४. स्टुलावर बसा. नसेल तर मागून घ्या. किमान एक मिनिट बसा.
५. उकिडवे बसा आणि उठा.
६. चपलेचा पट्टा लावायला वाका.
७. कोपर दुमडा. बाही मनगटाच्या हाडावरून फार वर चढता कामा नये.

हे करून झाल्यावर हात न लावता परत आरशात बघा. कपडा आपोआप जागेवर आला पाहिजे. प्रत्येक वेळी खाली ओढून नीट करावा लागत असेल, तर दिवसातून पन्नास वेळा ओढावा लागणार आहे.

६. पाठ कशी बघायची

एकटीला सगळ्यात अवघड तेच. मान वळवून आरशात बघितलं की अख्खा कपडा पिळतो आणि खोट्या सुरकुत्या दिसतात. त्यापेक्षा मोठ्या आरशाकडे पाठ करा, छोटा आरसा डोळ्यांसमोर धरा आणि त्यातून मागचं बघा. मान सरळ, खांदे सरळ. आरसा नसेल तर फोनचा पुढचा कॅमेरा तसाच वापरा.

फोटो काढायचा तर ट्रायल रूमच्या बाहेरच्या मोठ्या आरशापाशी जागा जास्त मिळते. तिथं दुसऱ्याच्या हातात फोन देऊ नका. घरी ट्रायल घेताना फोन बेंबीच्या उंचीवर, सात-आठ फूट लांब, कशाला तरी टेकवून ठेवा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा. फोन खाली ठेवला तर पाय लांब दिसतात, जवळ ठेवला तर मधला भाग फुगतो. कपडा चांगला असून आपण नाकारतो, किंवा उलटं. फोटोपेक्षा छोटा व्हिडिओ बरा: चार पावलं जा, वळा, परत या. चालताना मागे काय होतं ते फोटोत येत नाही.

ट्रायल रूमच्या दिव्यावर विसंबू नका. पांढरा किंवा फिका कपडा असेल तर आत हात घालून दुकानाच्या दाराशी, उजेडात धरा. बोटं मोजता आली तर आत स्लिप लागणार. सोलापूरचं ऊन त्यातलं काही लपवत नाही.

७. पँट, जीन्स, सलवार

खिसे बघा. कंबर बंद होते म्हणजे पँट बसली असं नाही. खिशांची तोंडं कानासारखी उघडली असतील तर घेर घट्ट आहे. पुढून आसनापासून मांड्यांकडे मिशांसारख्या रेघा फुटतात, तेही तेच सांगतात. मागे सीटखाली झोळ येत असेल तर कापड जास्त. बसल्यावर मागे कमरेत हाताचा पंजा जाण्याएवढी फट पडली तर बेल्ट लावून भागत नाही, कंबर आत घ्यावी लागते. सलवारीला, पलाझोला आसन तेवढं बघा, उकिडवं बसून.

८. काय दुरुस्त होतं, काय नाही

कपडा उलटा करा. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडलेलं असतं, त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाजूला अर्धा-पाऊण इंच माया असेल तर कपडा थोडा सैल करता येईल. कापड शिलाईलगत कापून ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेली शिलाई) केलेलं असेल तर सैल करायला काहीच हाती नाही. बऱ्याच रेडिमेडला असंच असतं.

सोपं काम: उंची कमी करणं, बाजू आत घेणं, बाही आखूड करणं, पँटची कंबर थोडी आत-बाहेर. अवघड: खांदा, मुंढा, आसन. माया नसताना छाती वाढवणं जवळजवळ अशक्य. म्हणून दोन साइजमध्ये अडलात तर खांदा ज्याचा बसतो तो घ्या. दोन्हींचा बसत असेल तर मोठा.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. तीन टक्के आटलं तरी ४२ इंचांचा कुर्ता सव्वा इंचानं आखूड होतो, गुडघ्यावर नेमका आलेला वर जातो. सुती कपडा उंचीला थोडा जास्तच घ्या आणि एकदा धुतल्याशिवाय अल्टर करायला देऊ नका.

९. पैसे देण्याआधी

"घातल्यावर सैल होईल," "आजकाल असंच घालतात," "हा शेवटचा पीस आहे." ही तीन वाक्यं ऐकली की मी कपडा परत टांगते आणि दुकानात एक चक्कर मारून येते. विक्रेत्याचं पोट त्यावर आहे, त्याच्यावर राग नाही. पण अंग आपलं आहे. "नको" म्हणायला कारण द्यावं लागत नाही. एकटं असताना हे सगळ्यात जड जातं, दहा कपडे काढून दाखवल्यावर रिकाम्या हातानं निघायचं म्हणजे अपराधी वाटतं. सुरुवातीला मी दारातच सांगायचे, "आज बघायला आलेय, बसला तरच घेणार." त्यानं मन मोकळं राहतं.

बदलून देणार का, किती दिवसांत, हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. लक्षात असू द्या, फाटलेलं कापड किंवा उसवलेली शिलाई हा दोष. मापात बसला नाही, हा दोष नाही. तिथं दुकानदारानं लिहून दिलेला शब्दच कामी येतो.

१०. घरी दुसरी ट्रायल, मग शिंपी

लेबल न काढता दुसऱ्या दिवशी सकाळी कपडा घाला आणि वीस मिनिटं घरातली कामं करा. अत्तर, पावडर लावू नका, डाग पडला तर बदलून मिळणार नाही. दुकानात न जाणवलेलं काचणं पंधराव्या मिनिटाला जाणवतं.

अल्टरला देताना "थोडं आत घ्या" असं सांगू नका. थोडं म्हणजे त्याच्या मनात एक, तुमच्या मनात दुसरं. कपडा उलटा करून घाला, जिथं आत घ्यायचं तिथं दोन्हीकडे पिना लावा, बसून-उठून बघा आणि पिनांसकटच शिंप्याच्या हातात द्या. पँटची उंची नेहमीची चपल घालून ठरवा. आणि आत घेतलेलं कापड कापू नका, माया तशीच राहू द्या, असं आधीच सांगून ठेवा.